शाळेतील छळ आणि उलट हात उचलण्याचा प्रश्न

छळ म्हणजे काय

शाळेतील छळ म्हणजे एका किंवा अनेक मुलांनी दुसऱ्या मुलाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा दिलेला असा त्रास, की ज्यातून स्वतःची सुटका करून घेणे त्या मुलाला जमत नाही. हेतू, सातत्य आणि बळातील तफावत ही त्याची तीन लक्षणे. ही व्याख्या डान ओल्वेयस यांच्या संशोधनातून रूढ झाली. हे मानसशास्त्रज्ञ मूळचे स्वीडनचे. त्यांचे पुढचे काम नॉर्वेतील बर्गन येथे झाले. या विषयावरील त्यांचे पहिले पुस्तक १९७३ साली स्वीडिश भाषेत निघाले. त्याआधी १९६९ मध्ये पेटर-पॉल हाइनेमान या स्वीडनमधील डॉक्टरांनी टोळक्याने एकाच मुलावर तुटून पडण्याच्या प्रकाराकडे लक्ष वेधले होते. हा केवळ टोळक्याचा क्षणिक उद्रेक नसतो, वर्गातली तीच दोन-चार मुले महिनोन्‌महिने त्याच एकदोघांच्या मागे लागलेली असतात, हे ओल्वेयस यांनी दाखवून दिले.

तीन लक्षणांपैकी तिसरे निर्णायक आहे. सारख्या ताकदीच्या दोन मुलांची मधल्या सुट्टीत जुंपली तर ती मारामारी असते, छळ नव्हे. छळात एका बाजूला वय, अंगकाठी, संख्या, पैसा, जात, भाषा किंवा वर्गातील वजन यांपैकी काहीतरी जास्त असते. ही तफावत पुष्कळदा समाजातूनच वर्गात येते. शाळेत इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. तिथे हा भेद शाळाच पाळत होती. आजही एखाद्या मुलाला जातीवरून, रंगावरून, बोलीवरून, जाडेपणावरून किंवा अपंगत्वावरून टोपणनाव पडते, तेव्हा ते नाव पाडणाऱ्याच्या पाठीशी मोठ्यांच्या जगातली उतरंड उभी असते.

मराठीत या सगळ्याला मिळून एक शब्द नाही. हात टाकला की दादागिरी, नावे ठेवली की चिडवाचिडवी, गटातून काढले की वाळीत टाकणे, वसतिगृहात झाले की रॅगिंग. नावे अशी विखुरलेली असल्याने त्रासही सुटासुटा दिसतो. सोमवारी पाण्याची बाटली लपवली, मंगळवारी वहीवर शाई सांडली, बुधवारी खेळात घेतले नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी सांगितली तर क्षुल्लक वाटते आणि ‘मस्ती चालायचीच’ या उत्तरावर संपते. तीनही दिवशी त्रास देणारे तेच आणि सोसणारा तोच होता, ही बाब मात्र नजरेतून सुटते.

प्रमाण आणि परिणाम

युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातील जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आधीच्या महिनाभरात बरोबरीच्या मुलांकडून छळ सोसावा लागला होता. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीबरोबर २०१८ मध्ये हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा विकसित देशांच्या गटात सरासरी २३ टक्के मुलांनी महिन्यातून काही वेळा तरी असा त्रास होत असल्याचे सांगितले. मुलांमध्ये मारहाण अधिक दिसते, तर अबोला धरणे, अफवा पसरवणे, वाढदिवसाला एकटीलाच न बोलावणे हे प्रकार मुलींमध्ये तुलनेने जास्त नोंदले जातात. मोबाइल आल्यापासून शाळा सुटली तरी त्रास सुटत नाही; वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून तो घरापर्यंत येतो.

त्याची छाया किती लांब पडते, हे ब्रिटनमधील एका अभ्यासातून कळते. तिथे १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची माहिती आयुष्यभर गोळा केली जात आहे. त्यांपैकी ७,७७१ जणांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक होते आणि माणसांशी असलेले संबंध कमी होते. ‘मोठा झाला की विसरेल’ ही समजूत म्हणूनच घातक आहे.

‘उलट दे’ या सल्ल्यामागचा विचार

‘मार खाऊन घरी येऊ नकोस’, ‘त्याने एक मारली तर तू दोन मार’ हे सल्ले अनेक घरांत प्रेमापोटीच दिले जातात. आपले मूल दबून राहू नये, त्याने मान वर करून जगावे, ही त्यामागची इच्छा असते. दुबळ्याला छळणारा आतून भित्रा असतो आणि एक फटका बसला की पळतो, असाही समज त्यात मिसळलेला असतो.

या समजाला साहित्यातून आणि बातम्यांतून खतपाणी मिळत आले आहे. थॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत रग्बी नावाच्या शाळेतला टॉम त्याला छळणाऱ्या फ्लॅशमनशी झुंजतो आणि जिंकतो. मार्च २०११ मध्ये सिडनीतील एका शाळेतली चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्यात बराच काळ त्रास सोसलेला एक धिप्पाड मुलगा, तोंडावर मारणाऱ्या लहान चणीच्या मुलाला उचलून जमिनीवर आपटतो. लाखो लोकांनी त्याला नायक मानले. शाळेने दोघांनाही काही दिवस घरी बसवले.

दोन्ही प्रसंग नीट पाहिले तर वेगळेच काही दिसते. टॉम एकटा लढत नाही. त्याचा मित्र ईस्ट त्याच्याबरोबर लढतो आणि डिग्ज नावाचा वरच्या वर्गातला मुलगा शेजारी उभा राहून झुंज अन्यायाची होऊ देत नाही. सिडनीतल्या मुलाकडे ताकद आधीपासून होती, तरीही त्याचा छळ चालूच होता, कारण त्याच्या बाजूने कोणी नव्हते. शिवाय आपटलेला मुलगा डोक्यावर पडला असता तर त्याच चित्रफितीची बातमी वेगळी झाली असती.

प्रतिहल्ल्याने काय साधते

प्रतिहल्ल्याच्या बाजूने पुरावा अजिबात नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये बालवाड्यांतील मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. दांडगाई करणाऱ्या मुलापुढे दुसऱ्याने खेळणे सोडून दिले, किंवा ते रडू लागले, तर दांडगाई करणारे पुढच्या वेळी त्याच मुलाकडे वळे. समोरच्याने प्रतिकार केला तर ते बहुधा दुसरे सावज शोधे किंवा पद्धत बदले. म्हणजे मुकाट्याने सोसणे हा उपाय नाही, उलट तेच दांडगाई करणाऱ्याचे बक्षीस ठरते, ही लोकांची जाण खरी आहे.

परंतु याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली, सावज बदलले म्हणजे छळ थांबला असे नव्हे. तो दुसऱ्या, अधिक दुबळ्या मुलाकडे सरकला. दुसरी, सुरुवातीला शांत असलेली जी मुले प्रतिहल्ला करून जिंकली, त्यांच्यापैकी काही स्वतःच दांडगाई करू लागली. बालवाडीतल्या मुलांच्या ताकदीत फारसा फरक नसतो आणि बाईंचे लक्ष असते, हेही ध्यानात घ्यायला हवे. सातवी-आठवीत चित्र बदलते.

फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये बारा वर्षांच्या आसपासच्या मुलांना विचारले, की छळ होत असलेली वर्गातली मुले कशी वागतात आणि त्यामुळे छळ वाढतो की कमी होतो. मुलग्यांच्या बाबतीत चिडून उलट हल्ला केल्याने छळ सुरू होतो किंवा चालू राहतो, असे वर्गमित्रांचे मत पडले. मुलींच्या बाबतीत हतबल होऊन रडल्याने तो वाढतो, असे त्यांनी सांगितले. छळणाऱ्याला हवी असते प्रतिक्रिया. रडू फुटले काय किंवा संतापाने अंगावर धावून गेले काय, दोन्हींत त्याला तमाशा मिळतो.

अमेरिकेत पाचवी ते बारावीच्या १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये पुढे आला. छळ झाला तेव्हा काय केले आणि त्याचा काय परिणाम झाला, असे त्यात मुलांनाच विचारले होते. हात उचलल्याने परिस्थिती सुधारल्यापेक्षा बिघडल्याचे अधिक जणांनी नोंदवले. काही वाटतच नसल्याचे दाखवणे हा पुष्कळांनी वापरलेला मार्गही फारसा कामी आला नाही. मित्राला सांगणे आणि घरच्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला सांगणे, यांचा उपयोग जास्त झाला.

सर्वांत गंभीर धोका त्या मुलांना असतो, जी एकीकडे मार खातात आणि दुसरीकडे मारतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये १,४२० मुलांचा लहानपणापासून विशीच्या मध्यापर्यंत माग काढणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी मानसिक आजारांचा सर्वाधिक धोका नुसते सोसणाऱ्यांपेक्षाही या दुहेरी गटाला असल्याचे त्यात आढळले. ही मुले कोणाचीच लाडकी नसतात. छळणाऱ्यांना ती चिडवायला सोपी वाटतात, इतर मुले त्यांना टाळतात आणि शिक्षकांच्या लेखी ती भांडखोर असतात.

कराटे किंवा कुस्ती शिकवली की प्रश्न सुटेल, ही आशाही तपासून घ्यावी लागते. व्यायामाने शरीर बळकट होते, चाल-बोलण्यात विश्वास येतो आणि तालमीत नवे सोबती मिळतात, हे फायदे खरे आहेत. मात्र बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणे आणि पौर्वात्य युद्धकला शिकणाऱ्या नॉर्वेतील मुलांच्या वर्तनात आक्रमकपणा वाढल्याचे ओल्वेयस आणि त्यांच्या सहकारी एंड्रेसेन यांना २००५ मधील अभ्यासात दिसले. शिकवणारा वस्ताद संयमावर किती भर देतो, यावर बरेच अवलंबून राहते.

या सर्वांतून एक पेच पुढे येतो. प्रतिहल्ला तेव्हाच यशस्वी होतो, जेव्हा दोन्ही बाजूंचे बळ जवळपास सारखे असते. छळाची तर व्याख्याच बळातील तफावतीवर उभी आहे. म्हणजे ‘उलट दे’ हा सल्ला ज्या मुलाला लागू पडतो, त्याला त्याची गरज सर्वांत कमी असते; आणि ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त असते, त्याच्या पदरी या सल्ल्याने आणखी मार आणि वर ‘तुला तेवढेही जमले नाही’ ही लाज येते.

बचाव, ठामपणा आणि सूड

म्हणून प्रतिकार या एका शब्दाखाली येणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली बचाव. कोणी गळा धरला, भिंतीशी दाबले तर हात झटकणे, ढकलून सुटणे, ओरडणे, पळणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. भारतीय कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो आला आहे आणि बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरावे, ही त्याची मर्यादा आहे. कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. त्यापुढच्या मुलामुलींची प्रकरणे बाल न्याय कायद्याखाली जातात. समोरच्याला गंभीर इजा झाली तर इतके दिवस सोसणारे मूलच बाल न्याय मंडळापुढे उभे राहू शकते.

दुसरी गोष्ट ठामपणा. सरळ उभे राहून, डोळ्यांत पाहून, न किंचाळता ‘हे बंद कर’ म्हणणे आणि तिथून निघून जाणे. हे घरी सराव करून शिकवता येते. त्रास नुकताच सुरू झाला असताना त्याचा उपयोग होतो. तो मुरल्यावर आणि समोर टोळके असताना मात्र नुसत्या शब्दांवर विसंबता येत नाही.

तिसरी गोष्ट सूड. मागाहून गाठून मारणे, मोठ्या भावाला आणून बडवणे, चिडवणाऱ्याची चित्रफीत पसरवणे. यात छळाचीच तिन्ही लक्षणे दुसऱ्या बाजूने जमू लागतात. पहिल्या दोन गोष्टी मुलाला शिकवाव्यात, तिसरीपासून त्याला वाचवावे.

बघ्यांचे बळ

बळातील तफावत हे छळाचे मूळ असेल, तर उपायही ती तफावत भरून काढण्यातच असणार. एकट्या मुलाच्या मनगटात ते बळ येत नाही. ते आजूबाजूच्या मुलांकडे असते. साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्येच वर्गातील मुलांच्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या. पुढाकार घेऊन छळणारे शेकडा आठच्या आसपास होते. त्यांना हात देणारे आणखी सात. हसून, गोल करून प्रोत्साहन देणारे वीसच्या जवळपास आणि काहीच न करता बाजूला राहणारे चोवीसच्या आसपास. सोसणाऱ्याची बाजू घेणारे सतरा-अठरा होते.

कॅनडातील टोरंटो येथे डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांच्या गटाने शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगी. ती मध्ये पडली तेव्हा अर्ध्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत त्रास थांबला. एवढ्याशा वेळात जे एका मित्राच्या आवाजाने घडते, ते सोसणाऱ्याच्या मुठीने क्वचितच घडते. मध्ये पडायला जमले नाही तरी नंतर शेजारी जाऊन बसणे, डबा बरोबर खाणे, घरी जाताना सोबत करणे हेही उपयोगी पडते. छळ एकटेपणावर पोसला जातो आणि या साध्या गोष्टी ते एकटेपण मोडतात.

या विचारावर तुर्कू विद्यापीठाने २००६ पासून ‘किवा’ हा कार्यक्रम आखला आणि २००९ पासून तो फिनलंडभर राबवला गेला. छळणाऱ्याला मिळणारी दाद वर्गाने बंद करावी, हा त्याचा गाभा. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत तो अधिक परिणामकारक ठरला. कुमारवयात परिणाम कमी झाला, म्हणून सुरुवात लवकर करावी लागते.

शाळेची जबाबदारी

छळाचे प्रमाण शाळा ठरवली तर कमी करू शकते, याचा पहिला मोठा पुरावा बर्गनमधून आला. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे छळ असल्याचे मानले गेले, तेव्हा १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गनच्या ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांमध्ये दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मैदानावर आणि जिन्यांत शिक्षकांची नजर, वर्गात सर्वांनी ठरवलेले नियम, छळणाऱ्याशी आणि त्याच्या पालकांशी गंभीर बोलणे, अशी ती साधी कामे होती. पुढे सर्वत्र एवढे यश मिळाले नाही. ४४ मूल्यमापनांचा २०११ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा छळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी होत असल्याचे दिसले.

शाळांकडून दोन चुका वारंवार होतात. एक, दोघांनाही समोर बोलावून ‘हात मिळवा’ म्हणणे. भांडणात तो उपाय चालतो. छळात सोसणाऱ्याला छळणाऱ्यासमोरच बोलायला लावले जाते आणि बाहेर पडल्यावर त्याचा हिशोब चुकता होतो. दुसरी, ‘दोघांचीही चूक’ म्हणून सारखी शिक्षा करणे. महिनाभर डिवचले गेलेले मूल एकदा उसळते आणि शिक्षकांची नजर नेमकी तेव्हाच तिकडे जाते. ‘चुगली करू नकोस, आपापसात मिटवा’ हे उत्तर मिळालेले मूल पुन्हा तक्रार घेऊन येत नाही.

कायद्यांनीही हा भार शाळेवर टाकला आहे. ओत्सू शहरात २०११ मध्ये एका विद्यार्थ्याने केलेल्या आत्महत्येनंतर जपानने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सोसणाऱ्याला मानसिक किंवा शारीरिक वेदना होते का, ही त्याची कसोटी आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखाचे कर्तव्य आहे आणि दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमण्यास सांगितले. राज्यातील शाळांत तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समिती यांची तरतूद आहे. पेटी नियमाने उघडली जाते का आणि आतल्या चिठ्ठीवर काय होते, यावर तिचे मोल ठरते.

घरातून काय करता येते

छळ होत असलेले मूल बहुधा आपणहून सांगत नाही. पोट दुखते म्हणून शाळा बुडवणे, डबा तसाच परत येणे, वस्तू हरवणे, ठरावीक रस्ता टाळणे यांतून ते कळते. कळल्यावर पहिले काम ऐकून घेण्याचे. ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाने बोलणे तिथेच थांबते. तारीख, जागा, कोण होते, काय झाले हे लिहून ठेवावे, मोबाइलवरचे संदेश जपावेत आणि वर्गशिक्षकांकडे, मग मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी. विखुरलेल्या क्षुल्लक गोष्टींचे सातत्य अशा नोंदीतूनच दिसते. शाळेने दाद दिली नाही तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. शाळेबाहेर एखादा खेळ, गाणे, तालीम, वाचनालय असे एक ठिकाण मुलाला मिळाले, तर आपण सगळीकडेच नकोसे आहोत ही भावना ओसरते. छळणारे मूल आपल्याच घरात असू शकते, हीही शक्यता पालकांनी मनात ठेवावी. त्यालाही रागवण्याइतकेच समजून घेण्याची गरज असते.

जिथे कोणीच ऐकत नाही

सर्वांत अवघड प्रश्न त्या मुलांचा, ज्यांनी सांगूनही काही झाले नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील शाळकरी जब्याला, डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबातला म्हणून गावातली पोरे हिणवतात आणि शेवटी तो दगड भिरकावतो. त्या दगडापर्यंत तो पोहोचतो तेव्हा सारा गाव बघ्या म्हणून उभा असतो आणि त्याच्या बाजूने एकही मोठा माणूस पुढे आलेला नसतो. अशा ठिकाणी ‘हिंसा वाईट’ एवढेच मुलाला सांगणे म्हणजे त्याला पुन्हा एकटे सोडणे होय. जिथे मोठ्यांनी हात वर केले, तिथे लहानाच्या हाताकडून संयमाची अपेक्षा करण्याचा अधिकारही त्यांनी गमावलेला असतो. त्याचा हात उचलणे योग्य ठरते असे नव्हे. पण अशा मुलाने कधी हात उचलला, तर चौकशी त्या दिवसापासून सुरू न होता छळाच्या पहिल्या दिवसापासून झाली पाहिजे, आणि तोवर कोण कोण पाहत होते, याची नोंदही त्यात असली पाहिजे.